रायफल की पिस्तूल : नेमबाजीच्या उमेदवारांस काही सूचना

पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफलच्या थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले आणि त्याच स्पर्धेत हरियाणाच्या मनू भाकर यांनी दहा मीटर पिस्तुलात एक एकटीने व एक सरबज्योत सिंग यांच्या जोडीने अशी दोन पदके पटकाविली, तेव्हापासून आपल्याकडील रेंजच्या दाराशी पूर्वी क्वचित ऐकू येणारा एक प्रश्न नित्याचा होऊन बसला आहे : मुलाच्या हाती रायफल द्यावी की पिस्तूल? विचारणारे पालक बहुधा कुणाचे तरी मत आधीच ऐकून आलेले असतात. रायफल सोपी, कारण तिला दोन हात आणि एक खांदा यांचा आधार असतो. पिस्तूल कठीण, कारण ते एका हाताने अधांतरी तोलावे लागते, असे ते मत. हे मत सर्वथा खोटे नाही, परंतु त्यावर विसंबून निवड करणे म्हणजे अर्धा दस्तऐवज वाचून सही करण्यासारखे आहे. कारण या खेळाचे नियम करणाऱ्यांनी सोप्या शस्त्रासमोर कठीण लक्ष्य आणि कठीण शस्त्रासमोर उदार लक्ष्य ठेवून दोहोंचा हिशोब कधीच बरोबरीत आणून ठेवला आहे.

तो हिशोब प्रत्यक्ष लक्ष्यपत्र हातात घेऊन पाहावा. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे म्हणून जे स्थान असते तो अर्ध्या मिलिमीटरचा एक पांढरा ठिपका असतो. रायफलीचा छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा असल्यामुळे नेम अचूक लागला की तो ठिपका संपूर्ण उडून जातो व त्याच्या जागी नुसते भोक उरते. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ११.५ मि.मी. व्यासाचे आहे. रायफलीच्या लक्ष्यावर एकेक वर्तुळ अडीच मिलिमीटरने बाहेर सरकते, पिस्तुलाच्या लक्ष्यावर आठ मिलिमीटरने. शिवाय रायफलीच्या प्राथमिक फेरीत आता गुण दशांशात मोजतात, म्हणजे दहा लागले तरी ते १०.१ की १०.८ याचा झाडा द्यावा लागतो आणि साठ फैरींची कमाल बेरीज ६५४ होते. पिस्तुलाच्या प्राथमिक फेरीत मात्र पूर्णांकच धरतात व कमाल ६०० राहते. तेव्हा रायफलवाला आठ मिलिमीटर चुकला तर त्याच्या पदरी सात पडतात, आणि पिस्तूलवाला तेवढाच चुकूनही दहाच्या काठावर उभा राहतो. सोपे कोणते व अवघड कोणते, हा वाद येथेच मिटावा.

मग दोहोंत खरा भेद कोणता? माझ्या मते तो असा, की रायफलीची अचूकता फैर झडण्यापूर्वी, शरीराची मांडणी करतानाच बहुतांशी ठरून गेलेली असते, आणि पिस्तुलाची अचूकता अगदी अखेरच्या क्षणी, बोटाच्या एका पेराच्या हालचालीत ठरते. ज्याला ज्या शस्त्राचा अभ्यास करावयाचा आहे त्याने आपला वेळ व श्रम या भेदाला अनुसरून वाटावेत.

प्रथम दोहोंना समान असलेली एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी जी उभी पट्टी असते, जिला जुने शिकारी माशी म्हणत, ती आणि डोळ्याकडील बाजूची खाच या दोहोंमध्ये साधारण ३२ सें.मी. अंतर आहे असे समजू. माशी खाचेच्या बरोबर मध्यभागी न राहता एकच मिलिमीटर डावीकडे कलली, तर त्रैराशिकाने दहा मीटर अंतरावर छर्रा सुमारे ३१ मि.मी. डावीकडे जातो, म्हणजे सातच्या वर्तुळात पडतो. उलटपक्षी माशी आणि खाच परस्परांशी बिनचूक जुळलेल्या असताना अख्खा हातच पाच मिलिमीटर डावीकडे हलला, तर छर्राही पाचच मिलिमीटर हलतो, आणि गुण पूर्ण दहा मिळतात. नवशिक्याला नेमके याच्या उलट वाटते. हात डोलतो आहे, काळे वर्तुळ माशीवर नाचते आहे, हे त्याला स्पष्ट दिसते व त्याने तो घाबरा होतो; माशी खाचेत केसभर कलली आहे हे त्याला दिसतच नाही, कारण त्याची दृष्टी लक्ष्यावर खिळलेली असते. म्हणून पिस्तूलवाल्याने दृष्टी माशीवर ठेवावी, माशीची वरची कड तीक्ष्ण दिसावी व दूरचे काळे वर्तुळ धूसर दिसले तरी खुशाल दिसू द्यावे. बहुतेक जाणते नेमबाज काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम धरीत नाहीत. वर्तुळाच्या खाली पांढऱ्या जागेत माशी ठेवून मध्ये पांढरी फट राखतात, कारण काळ्यावर काळी माशी धरली की तिची कड डोळ्याला सापडेनाशी होते. हात हलायचाच. ती डोलणारी जागा लहान होणे हे वर्षांचे काम आहे. माशी जुळवणे हे आजचे काम आहे.

रायफलीत माशीच्या जागी एक बारीक कडे असते आणि डोळ्याजवळ सूक्ष्म भोकाची चकती. कड्यात काळे वर्तुळ, भोवती पांढरे वलय, आणि हे सगळे मागच्या भोकाच्या मधोमध, अशी समकेंद्र वर्तुळांची रचना असल्यामुळे डोळा ती जवळजवळ आपोआप जुळवितो. परंतु गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी, त्याच दाबाने टेकला नाही तर डोळा भोकामागे सरकतो व ती समकेंद्रता फसवी ठरते. येथूनच रायफलीच्या अभ्यासाला प्रारंभ होतो, आणि तो अभ्यास मुख्यतः हाडांचा आहे. उभे राहून एअर रायफल चालविताना उजव्या हाताच्या नेमबाजाने डावे कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगडीच्या कडेला टेकवावे, कंबर लक्ष्याच्या दिशेने किंचित पुढे काढावी, पाठ थोडी मागे व उजवीकडे झुकवावी आणि साडेपाच किलोपर्यंतचे ते वजन स्नायूंनी न उचलता हाडांच्या चवडीवर ठेवून द्यावे. स्नायू दहा मिनिटांत थरथरू लागतो, हाड थरथरत नाही. जाड कातडी व कॅनव्हासचे जाकीट, ताठ विजार आणि सपाट तळाचे बूट यांचा उपयोग याच चवडीला बाहेरून आधार देण्यापुरता आहे. जाकिटाने नेम सुधारतो अशा समजुतीने महागडे जाकीट आधी शिवून घेणाऱ्यांना ते सहा महिन्यांनी बदलावे लागते, कारण तोपर्यंत त्यांची ठेवणच बदललेली असते.

ठेवण बसली की नाही याची एक परीक्षा आहे, ती दर दहा फैरींनंतर करावी. रायफल लक्ष्यावर धरावी, डोळे मिटावे, दोन श्वास सावकाश घ्यावे व सोडावे, अंग सैल करावे आणि डोळे उघडावे. कडे लक्ष्याच्या डावीकडे गेलेले दिसले तर ते हातांनी ओढून उजवीकडे आणू नये. मागचे पाऊल अंगुळभर सरकवून सगळे शरीरच फिरवावे. हातांनी ओढून आणलेला नेम बोट दाबताक्षणी आपल्या मूळ जागी परत जातो, आणि नेमबाज बिचारा छर्ऱ्याला किंवा बंदुकीला दोष देत बसतो. हीच परीक्षा पिस्तुलालाही लागू आहे. पिस्तूलवाल्याने लक्ष्याकडे बाजू करून उभे राहावे, मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवावा म्हणजे तो भार होऊन लोंबत नाही, मनगट ताठ कोंडून घ्यावे व कोपर वाकू देऊ नये. मुठीचा जोर मधल्या दोन बोटांत असावा, अंगठा नुसता टेकलेला असावा. लाकडी मूठ हाताला न बसणारी असेल तर ती कानसून वा लाकडी लुकण भरून बसवून घ्यावी. पिस्तुलाच्या बाबतीत या एका कामावर जितका खर्च करावा तितका थोडा.

आता चापाकडे वळू. स्पर्धेपूर्वी शस्त्रतपासणीच्या मेजावर एअर पिस्तूल उभे धरून त्याच्या चापाला ५०० ग्रॅमचे वजन लटकवितात. चापाने ते वजन उचलून धरले पाहिजे, तेवढ्याने घोडा सुटला तर पिस्तूल बाद. पंचवीस मीटर पिस्तुलाला तीच मर्यादा एक किलोची आहे. एअर रायफलीच्या चापाला किमान वजनाचे असे बंधन नाही, त्यामुळे तो इतका हलका ठेवता येतो, की बोट टेकले म्हणताच फैर झडते. दीड किलोहून हलके पिस्तूल आणि त्यावर अर्ध्या किलोचा दाब, म्हणजे शस्त्राच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जोर त्या एका बोटाने लावावयाचा. तो किंचितही तिरपा लागला की माशी कलते आणि वर सांगितलेला त्रैराशिकाचा हिशोब सुरू होतो. उजव्या हाताच्या नवशिक्यांच्या फैरी पुन्हा पुन्हा डावीकडे खाली पडत असतील तर बहुधा चाप हिसकला जात आहे असे समजावे. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल मध्य चापावर टेकावा, बोटाची बाजू मुठीला घासू नये, आणि दाब सरळ मागे, सावकाश पण न थांबता वाढत जावा. माशी मधोमध आली की ‘आता!’ म्हणून चाप ओढणे हे सर्व दोषांचे मूळ आहे.

रायफलवाल्यांनी मात्र हलक्या चापाला विश्वासाने वागवू नये. अमेरिकेचे मॅथ्यू एमन्स हे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशन प्रकाराच्या अंतिम फेरीत अखेरच्या फैरीपर्यंत आघाडीवर होते. रायफल लक्ष्यावर उतरवीत असतानाच बोट चापाला लागले, ४.४ गुण पडले, आणि सुवर्णपदक तर राहोच, ते चौथ्या स्थानावर गेले. चार वर्षांपूर्वी अथेन्सला याच प्रकारात त्यांनी शेवटची फैर शेजारच्या लक्ष्यावर झाडली होती. जगातल्या अव्वल नेमबाजांपैकी एकाची ही गत, तर उमेदवाराने नेम पूर्ण उतरून स्थिर होईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर ठेवावे आणि फैरीपूर्वी आपल्या लक्ष्याचा क्रमांक वाचावा, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

श्वासाविषयी नवशिक्यांना फार उपदेश मिळतो; त्यातला उपयोगाचा भाग इतकाच, की श्वास अर्धा-अधिक सोडून झाल्यावर जो नैसर्गिक विराम येतो त्यात फैर व्हावी, आणि तो विराम आठ-दहा सेकंदांपलीकडे ताणू नये, कारण त्यापुढे डोळ्यापुढचे चित्र स्मृतीतले असते, समोरचे नव्हे. फैर झाल्यावरही क्षणभर तसेच राहावे. छर्रा नळीतून बाहेर पडण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात, आणि तेवढ्या अवधीत ज्याने हात सैल सोडला त्याची फैर वाया जाते.

सरावाचा तपशील. रोज रेंजवर जाणे मुंबई-पुण्यातल्या नोकरदारालाच काय, विद्यार्थ्यालाही जमत नाही. वरळी किंवा बालेवाडी गाठेपर्यंत अर्धा दिवस जातो. त्याला उपाय म्हणजे घरी कोरा सराव, ज्याला नेमबाज ड्राय फायरिंग म्हणतात. शस्त्र रिकामे आहे हे दोनदा पाहावे, छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवावी, आणि पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून नुसता चाप सोडण्याचा अभ्यास करावा. समोर लक्ष्य नसल्यामुळे डोळा निमूटपणे माशीवर राहतो आणि चाप सुटताना ती उडी मारते की नाही हे ढळढळीत दिसते. शस्त्रात कोऱ्या सरावाची सोय असेल तरच हे करावे. ती सोय नसलेल्या बंदुकीचा रिकामा घोडा पुनःपुन्हा पाडू नये. रेंजवरही लक्ष्यपत्र उलटे लावून त्याच्या कोऱ्या पांढऱ्या बाजूवर दहा फैरी झाडून पाहाव्यात. पिस्तूलवाल्यांना यातून एक चमत्कार दिसतो : लक्ष्य नाहीसे झाले की भोके एकमेकांजवळ येऊ लागतात.

भोके एकत्र पडणे, म्हणजे ग्रुप, हीच पहिली पायरी होय; तो ग्रुप मध्यभागी आणणे ही दुसरी. दर फैरीनंतर साइटच्या चक्क्या फिरविणारा उमेदवार आपले दोष शस्त्राच्या अंगावर ढकलीत असतो. पाच फैरी झाडाव्यात, त्यांचा मध्य कोठे आहे ते पाहावे, आणि मगच मागची साइट सरकवावी. ग्रुप ज्या दिशेला न्यावयाचा त्याच दिशेला मागची साइट न्यावी, हा नियम कायम स्मरणात असू द्यावा. याबरोबर एक वही ठेवावी. प्रत्येक फैरीनंतर पडद्याकडे पाहण्यापूर्वी ती कोठे गेली असावी याचा अंदाज मनाशी करावा व वहीत टिंब काढावे, मग प्रत्यक्ष टिंब काढावे. अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा मेळ बसू लागला की गुण थोडे असले तरी काळजीचे कारण नाही. गुण भरपूर आणि मेळ काहीच नाही, ही स्थिती मला अधिक धोक्याची वाटते.

पंचवीस व पन्नास मीटरचे प्रकार हे पुढल्या इयत्तेचे विषय आहेत. पंचवीस मीटर पिस्तुलाच्या जलद भागात सात सेकंदांच्या खंडानंतर लक्ष्य तीन सेकंद दिसते, आणि तेवढ्यात खाली असलेला हात वर येऊन फैर झडली पाहिजे. याच पंचवीस मीटर पिस्तुलात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर रायफलच्या पालथे पडून करावयाच्या प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. त्या प्रकारात वारा वाचावा लागतो, निशाणे पाहावी लागतात, आणि काडतुसांचा कोणता हप्ता आपल्या नळीला मानवतो याची परीक्षा घ्यावी लागते. एकाच गावातून रायफल आणि पिस्तूल या दोन्ही शाखांत असे नेमबाज निघावेत, यावरून विशिष्ट प्रांताचा हात विशिष्ट शस्त्राला योग्य वगैरे ज्या कल्पना काहीजण बाळगतात त्यांचे काय ते समजून घ्यावे.

तरीही निवड करावयाचीच असते. ज्याला एकाच आसनात तासभर राहण्याचा कंटाळा येत नाही, जो बारीकसारीक मापांची टिपणे आवडीने ठेवतो, त्याला रायफल मानवते. ज्याला आपल्या एका चुकीचा पुढच्या क्षणी विसर पाडता येतो, त्याला पिस्तूल. डोळ्यांचाही विचार करावा : दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या वस्तूकडे बोट दाखवावे आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा, जो उघडा असताना बोट वस्तूवरून ढळत नाही तो प्रबळ डोळा. तो आणि हात एकाच बाजूचे असले तर उत्तम. नसले तर रायफलीत बाजू बदलावी लागण्याचा संभव असतो, पिस्तुलात मात्र मान किंचित वळविल्याने निभावते. हात बदलणे अशक्य मानण्याचे कारण नाही. हंगेरीचे कारोली टाकाच यांचा उजवा हात १९३८ साली हातबाँबने निकामी झाला, त्यांनी डावा तयार केला आणि १९४८ व १९५२ अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकांत जलद पिस्तुलाचे सुवर्णपदक नेले. खर्चाच्या दृष्टीने पिस्तूल स्वस्त पडते, कारण त्याला जाकीट-विजार लागत नाही. चांगले परदेशी शस्त्र मात्र दोन्हीकडे लाखांच्या घरात जाते, म्हणून पहिले वर्ष क्लबाच्या शस्त्रावर काढावे, आणि त्या वर्षात दोन्ही शस्त्रे आलटून पालटून वापरू नयेत.

कायद्याची बाब थोडक्यात. साडेचार मिलिमीटर बोअरच्या व २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला २०१६ च्या शस्त्रनियमांनुसार परवाना लागत नाही, विक्रेता ओळखपत्र घेऊन नोंद मात्र करतो. काडतुसाच्या कोणत्याही शस्त्राला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना हवाच, आणि त्यासाठी आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कचेरीत अर्ज करावा लागतो. एअरगन घेऊन माळावर पाखरे टिपणे हा खेळ नव्हे, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो. रेंजवर नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे, फैरी थांबविण्याचा हुकूम होताच शस्त्र रिकामे व नळीत रंगीत सुरक्षादोरी, आणि छर्रे शिशाचे असल्यामुळे खाण्यापूर्वी हात साबणाने धुणे, या शिरस्त्यात कोणालाही सवलत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पोलाद एका रात्रीत तांबारते, म्हणून शस्त्र पेटीत बंद करण्यापूर्वी बाहेरून तेलाचा हलका फडका फिरवावा. एअरगनच्या नळीच्या आत मात्र तेल जाऊ देऊ नये.

अखेर स्पर्धेच्या दिवशीचा एक हिशोब सांगून ठेवतो, कारण तो ठाऊक नसल्यामुळे सराव चांगला असूनही अनेकजण धांदल करतात. दहा मीटरच्या प्राथमिक फेरीत तयारीची व चाचणी फैरींची पंधरा मिनिटे संपल्यावर साठ फैरींसाठी पंच्याहत्तर मिनिटे मिळतात, म्हणजे एका फैरीला पाऊण नव्हे, सव्वा मिनिट. नेम धरून श्वासाच्या विरामात फैर होण्यास पंधरा-वीस सेकंद पुरतात. तेव्हा माशी स्थिरावली नाही, बोट अडखळले, शेजाऱ्याच्या फैरीने लक्ष विचलित झाले, तर शस्त्र खाली घ्यावे, दोन श्वास टाकावेत आणि पुन्हा उचलावे. प्रत्येक फैरीला एकदा असे केले तरी घड्याळ आपल्याच बाजूचे राहते.